डीपी रोड नावाची नवलाई

पुण्यात रिक्षावाल्याला ‘डीपी रोडला चला’ म्हटलं की तो मान वळवून विचारतो, ‘कुठल्या?’ औंधात एक डीपी रोड आहे, कोथरुडात एक आहे, आणि म्हात्रे पुलाकडून राजाराम पुलाकडे जाणारा, लग्नाच्या लॉन्ससाठी ओळखला जाणारा आणखी एक आहे. खरं तर हे नाव नव्हेच. डीपी म्हणजे डेव्हलपमेंट प्लॅन, शहराचा विकास आराखडा. त्या आराखड्यात आखलेला कुठलाही रस्ता डीपी रस्ताच. त्याला तेच नाव देणं म्हणजे मुलाचं नाव ‘अपत्य’ ठेवण्यासारखं. पण आराखड्यातली रेघ खरोखर डांबर होऊन जमिनीवर उतरली, याचंच लोकांना इतकं अप्रूप वाटलं असावं की दुसरं नाव कुणाच्या तोंडी बसलंच नाही.

मुंबईत वांद्रे पश्चिमेला वेगळी गंमत. तिथल्या जुन्या पत्त्यांत ‘टीपीएस ३’ असं लिहिलेलं आढळतं आणि रस्त्यांना नावांऐवजी आकडे असतात : सोळावा रस्ता, चोविसावा रस्ता, तेहतिसावा रस्ता. टीपीएस म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम, नगररचना योजना. पुण्यातही एरंडवण्यातल्या, शिवाजीनगरातल्या जुन्या बंगल्यांच्या खरेदीखतात ‘फायनल प्लॉट क्रमांक’ सापडतो. तोही याच योजनांचा वारसा. या भागांत रस्ता झाल्याचं नवल कुणाला वाटत नाही. रस्ता आधी आखला गेला, बंगले नंतर उठले.

डीपी आणि टीपी. बोलताना एका अक्षराचा फरक, पण महाराष्ट्रातल्या शहरांची गेल्या पन्नास-साठ वर्षांची कहाणी म्हणजे टीपी बाजूला ठेवून डीपीच्या भरवशावर राहिल्याची कहाणी आहे. हा सौदा महागात पडला, आणि अजून पडतोच आहे.

विकास आराखडा म्हणजे मुळात रंगवलेला नकाशा. राहण्यासाठी पिवळा, व्यापाराला निळा, कारखान्यांना जांभळा, शेतीला हिरवा. एखाद्या जमीन-एजंटाला नकाशाचं स्केल वाचता येत नसेल, पण ‘यलोत आहे की ग्रीनमध्ये’ एवढं त्याला बरोबर विचारता येतं, आणि त्या एका उत्तरावर गुंठ्याचा भाव ठरतो. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानं हा नकाशा करण्याचं काम ‘नियोजन प्राधिकरणा’कडे दिलं. कुठं ते महापालिका असते, कुठं नगरपालिका, कुठं नवी मुंबईची सिडको किंवा पुणे महानगर प्रदेशाची पीएमआरडीए. आधी जमिनीचा आजचा वापर टिपायचा, मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध करायचा, मग लोकांच्या हरकती घ्यायच्या. हरकतींसाठी एकेकाळी ६० दिवस होते, आता ३० आहेत. सुनावणी घेते ती नियोजन समिती. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. शेवटी शिक्का राज्य सरकारचा.

ही सुनावणी एकदा मागच्या बाकावर बसून पाहण्यासारखी असते. शहर कसं असावं यावर बोलायला येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी रांग एकाच विनंतीची : ‘आमच्या जागेवरचं आरक्षण उठवा.’ शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात, ही म्हण रस्त्यांना जितकी लागू पडते तितकी कशालाच नसेल. चोवीस मीटरचा रस्ता सगळ्यांना हवा असतो, आणि तो शेजाऱ्याच्या सातबाऱ्यातून गेला तर सगळ्यांना आनंद होतो.

त्या रांगेतल्या माणसांना हसणं सोपं आहे. पण त्यांची तक्रार खोटी नाही. आराखड्यातली रेघ ही एका अर्थी सोडत आहे. ती ज्याच्या अंगणातून गेली त्याची जमीन अडकते, आणि जो तिच्या कडेला राहिला त्याची जमीन रातोरात ‘रोड टच’ होते. एकाच्या नुकसानीवर दुसऱ्याचा फायदा उभा राहतो, आणि त्या दोघांमध्ये हिशेब करण्याची सोय आराखड्यात नाही. आरक्षित जागा पालिकेनं विकत घ्यायची, पण पालिकेकडे पैसा नसतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं शहरात बाजारभावाच्या दुप्पट आणि ग्रामीण भागात चौपटीपर्यंत मोबदला ठरवल्यापासून तर तिजोरीचा प्रश्नच निकाली निघाला. दहा वर्षं वाट पाहिल्यावर जागामालक पालिकेला नोटीस देऊ शकतो, की घ्या नाहीतर सोडा. अनेकदा सोडावी लागते. मग शाळेची जागा जाते, मैदानाची जाते, आणि रस्ता अर्ध्यात थांबतो. पुणे महापालिकेच्या कागदांत अशा तुटलेल्या तुकड्यांना एक गोड शब्द आहे, ‘मिसिंग लिंक’. जणू काही दुवा कुणाच्या खिशातून पडला आणि हरवला.

टीपीचा विचार इथंच वेगळा सुरू होतो.

त्यासाठी थोडं मागं जायला हवं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दोन वर्षांत सरकारनं बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाटीच्या वस्त्या पाडून हवेशीर रस्ते काढणं हे ट्रस्टचं काम. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, मोहम्मद अली रोड ही त्याचीच कामं, आणि दादर-माटुंग्याची आखणीही त्याचीच. हिंदू कॉलनीच्या क्रमांकांच्या गल्ल्या आणि पारशी कॉलनीजवळची पाच उद्यानं आजही सांगतात की आधी आखलेला रस्ता शंभर वर्षं टिकतो. त्याच्या कडेच्या इमारती दोनदा बदलल्या तरी. पण ट्रस्टची पद्धत जमीन ताब्यात घेण्याची होती. घ्या, पाडा, आखा, द्या. त्यात पैसा बेसुमार जायचा आणि उठवलेल्या गरिबांना छप्पर मिळेलच याची खात्री नसायची.

म्हणून १९१५ मध्ये मुंबई इलाख्यानं नगररचना कायदा केला, देशातला अशा प्रकारचा पहिला. कल्पना जर्मनीतली होती. फ्रँकफर्टचे महापौर फ्रान्झ आडिकेस यांनी १९०२ मध्ये आपल्या शहरासाठी असाच कायदा करून घेतला होता. तत्त्व एखाद्या गावच्या पाटलालाही चटकन पटावं असं आहे. शहराच्या कडेच्या शंभर-दीडशे एकरांतली वेडीवाकडी शेतं एकत्र मांडायची. प्रत्येकाकडून ठरावीक वाटा घ्यायचा. त्या वाट्यातून रस्ते, बाग, शाळा काढायच्या आणि उरलेली जमीन चौकोनी, रस्त्याला लागून असलेल्या भूखंडाच्या रूपात मूळ मालकाला परत द्यायची. शंभर गुंठे देणाऱ्याला साठ गुंठे परत मिळाले, तरी त्या साठांचा भाव आधीच्या शंभरांहून जास्त असतो. ज्याच्या शेतातून रस्ता गेला तोही कडेला भूखंड मिळवतो, आणि ज्याच्या शेतातून गेला नाही तोही वाटा देतो. सोडत संपते.

मूळ तुकडा तो ‘ओरिजिनल प्लॉट’, परत मिळालेला तो ‘फायनल प्लॉट’. वाद मिटवायला लवाद नेमायचा, जमिनीचं आधीचं आणि नंतरचं मोल काढायचं, आणि वाढलेल्या मोलातला काही भाग सुविधांसाठी वसूल करायचा. महाराष्ट्रातल्या सरकारी खात्याचं पूर्ण नाव आजही ‘नगररचना आणि मूल्यनिर्धारण’ असं आहे. रस्ते आखणारा आणि जमिनीची किंमत काढणारा एकाच खात्यात का, याचं उत्तर या योजनेत आहे. आखणी आणि हिशेब एकाच टेबलावर व्हावेत असा तो बेत होता.

याच सुमाराला स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस इथं फिरत होते. १९१४-१५ मध्ये त्यांनी मुंबई इलाख्यातल्या गावांवर अहवाल लिहिले. इम्प्रूव्हमेंटवाल्यांच्या बुलडोझरी उत्साहाला त्यांचा कडवा विरोध. गावाची जुनी वीण न तोडता, मोजकी पडकी घरं काढून हवा-उजेड आणायचा, असं त्यांचं म्हणणं. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, आणि त्यांच्या शिफारशीनं इंग्लंडला गेलेला विद्यार्थी म्हणजे गोविंद सदाशिव घुर्ये. नगररचनेचा वर्ग आणि भारतीय समाजशास्त्र एकाच जागी जन्मले, ही गोष्ट आजच्या एफएसआयच्या, म्हणजे किती बांधता येईल याच्या, गदारोळात आठवली तर बरं वाटतं.

मग १९१५ चा तो कायदा गेला कुठे? तो गुजरातेत राहिला. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली तेव्हा दोघांच्याही हाती एकच वारसा होता. महाराष्ट्राच्या १९६६ च्या कायद्यातही नगररचना योजनेचं भलंमोठं प्रकरण आहे, पण इथल्या शहरांनी ते हळूहळू मिटून ठेवलं. कारणंही होती. योजना पुरी व्हायला वर्षानुवर्षं लागायची, लवादापुढची प्रकरणं संपायची नाहीत, आणि तोपर्यंत लोक बांधून मोकळे व्हायचे. पुढं १९९१ मध्ये मुंबईत टीडीआर आला. जागा द्या आणि त्याबदल्यात दुसरीकडे बांधकामाचा हक्क विका. पालिकेला रोख पैसे मोजायला नकोत, त्यामुळे सगळ्यांना तो सोपा वाटला.

अहमदाबादनं मात्र चिवटपणा केला. दिरंगाईचं दुखणं तिथंही होतंच, पण गुजरातनं कायदा टाकून देण्याऐवजी दुरुस्त केला. १९९९ च्या दुरुस्तीनं वाट्याची चौकट घालून दिली : योजनाक्षेत्राच्या १५ टक्क्यांपर्यंत रस्ते, पाच टक्के बागा, पाच टक्के शाळा-दवाखान्यांसारख्या सुविधा आणि १५ टक्के विक्रीसाठी, ज्याच्या पैशातून गटारं आणि पाण्याच्या लाइनी टाकायच्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, प्रारूप योजना मंजूर झाली की रस्त्यांच्या जमिनीचा ताबा घेता येऊ लागला. लवादाचा निकाल लागो न लागो, रस्ता पडतो. भांडण भावाचं उरतं, वाटेचं नाही. शहराभोवतीचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड बहुतांशी याच मार्गानं झाला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नगररचना योजनांची माळ लावली गेली आणि रस्त्याची जमीन त्या योजनांतून निघाली. पुण्याच्या १९८७ च्या आराखड्यात आखलेला एचसीएमटीआर नावाचा वर्तुळाकार मार्ग, साधारण ३६ किलोमीटरचा, अजून कागदावर आहे. दोन शहरांतल्या माणसांत फरक नाही. हाताशी असलेल्या अवजारात आहे.

भूजचं उदाहरण याहून बोलकं. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानं जुनं गाव जमीनदोस्त झालं. अरुंद गल्ल्यांत ढिगारे कोसळले आणि मदत पोचायला वाट उरली नाही. पुनर्बांधणीत तटबंदीच्या आतल्या गावासाठी आठ नगररचना योजना केल्या गेल्या. सर्वांकडून सारखा वाटा मागितला असता तर पाव गुंठ्याच्या घरवाल्याकडे काय उरलं असतं? म्हणून वाटा चढत्या पायरीचा ठेवला. अगदी लहान भूखंडाला सूट, मोठ्याला जास्त कपात. पडलेल्या गावात, घरोघरी माणसं गमावलेल्या लोकांबरोबर बसून जर हे जमलं, तर पुण्याजवळच्या वाघोलीच्या मोकळ्या माळावर ते का जमू नये, असा प्रश्न कुणालाही पडेल.

महाराष्ट्रात जे झालं ते उलट क्रमानं. शहर गावाला पोटात घेतं ते तिथं घरं झाल्यावर. पुण्याच्या हद्दीत १९९७ मध्ये गावं आली, २०१७ मध्ये ११ आली, २०२१ मध्ये आणखी २३. प्रत्येक वेळी पालिका पोचण्याआधी गुंठेवारी पोचलेली असते. शेतमालक एकराचे तुकडे पाडतो, मध्ये बारा-पंधरा फुटांची वाट सोडतो आणि एकेक, दोन-दोन गुंठे विकतो. पलीकडचा मालकही तेच करतो, पण त्याची वाट दुसरीकडून सुटलेली असते. दोन वाटा समोरासमोर येत नाहीत. आल्या तर मध्ये भिंत असते. मंजूर लेआउटही फार वेगळे नसतात. प्रत्येक बिल्डर आपल्या सर्व्हे नंबरापुरतं शहर रचतो आणि कंपाउंडशी संपवतो. सरकारनं २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि त्याची तारीख नंतर २०२० पर्यंत पुढं ओढली. दंड भरून घर नियमित होतं. वाकडी वाट काही सरळ होत नाही.

यावरचा इलाज म्हणून जो शोधला गेला तो अजबच आहे. नियमांत बांधकामाचा हक्क रस्त्याच्या रुंदीला बांधलेला असतो. २०१६ च्या टीडीआर धोरणात नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर वापरायला बंदी आली. मग २०२० मध्ये पुणे महापालिकेच्या स्थायी समितीपुढं सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा विषय आला आणि मंजूर झाला. वाहतुकीचं सर्वेक्षण करून हे रस्ते निवडले असते तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण नऊ मीटरचा आकडा कुठून आला हे शहरातल्या प्रत्येक बिल्डरला ठाऊक होतं. रस्त्यावरून किती इमारत उभी राहील हे ठरायला हवं. इथं इमारतीवरून रस्ता किती रुंद हे ठरू लागलं.

आराखडे करणाऱ्या मंडळांची विश्वासार्हताही या काळात झिजली. मुंबईचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इतक्या चुका निघाल्या की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो रद्द करून नव्यानं करायला लावला. अखेर मंजुरी मिळाली ती २०१८ मध्ये. त्याच २०१५ मध्ये पुण्याचा आराखडा राज्य सरकारनं महापालिकेच्या हातून काढून विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या तिघांच्या समितीकडे दिला. २००७ ते २०२७ साठीचा तो आराखडा मंजूर झाला २०१७ मध्ये, म्हणजे निम्मं आयुष्य वाट पाहण्यात घालवून. मंजुरीनंतर फेरबदलाचं कलम ३७ असतंच. एका सर्व्हे नंबराचा हिरवा पिवळा होतो, मग शेजारच्याचा, आणि दहा वर्षांनी मूळ नकाशा ओळखू येत नाही.

सरकारच्या आधी शेतकऱ्यांनीच जमीन एकत्र करून आखण्याचं गणित ओळखल्याचं एक उदाहरण पुण्यात आहे. हडपसरच्या मगरपट्ट्यातल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेएक एकर जमीन तुकड्या-तुकड्यांनी न विकता एकत्र केली, कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात तिचे भागधारक झाले आणि स्वतःच नगर वसवलं. तिथले रस्ते एकमेकांना मिळतात, कारण आखताना मधले बांध उरलेच नव्हते. मात्र त्या कुटुंबांत जुनी नाती होती आणि नेतृत्व घरचं होतं. प्रत्येक शिवारात असा मेळ बसेल अशी आशा धरून शहरं वसवता येत नाहीत. त्यासाठीच कायदा लागतो.

आता राज्य पुन्हा टीपीकडे वळलं आहे, आणि ते योग्यच आहे. पीएमआरडीएनं म्हाळुंगे-माणमध्ये योजना हाती घेतली. नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्रात सिडकोनं २०१७ पासून पनवेलच्या गावांत एकामागून एक नगररचना योजना जाहीर केल्या. हा भूगोल साधा नाही. याच सिडकोसाठी १९७० नंतर ९५ गावांची जमीन संपादन झाली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासईच्या परिसरात गोळीबार होऊन पाच शेतकरी गेले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं धोरण आलं. ‘साडेबारा टक्के’ हे शब्द तिथल्या माणसाला आजही समजावून सांगावे लागत नाहीत. त्या साडेबाराच्या तुलनेत नैनातला ४० टक्क्यांचा परतावा कितीतरी मोठा आहे. तरीही गावांत विरोध झाला, मोर्चे निघाले.

विरोध अडाणीपणातून होतो, असं समजणं ही नियोजकांची जुनी खोड. साठ टक्के जमीन देणाऱ्याला ती कशात गेली हे पै-पैशानं कळायला हवं : रस्त्यात किती, बागेत किती, आणि प्राधिकरणाच्या विक्रीच्या भूखंडात किती. राहतं घर योजनेच्या रस्त्यात येत असेल तर त्याचं काय, हेही आधी सांगायला हवं. शिवाय टीपीची मोठी उणीव अशी की ती फक्त सातबाऱ्यावरच्या नावाशी बोलते. पिढ्यान्‌पिढ्या कसणारं कूळ, वाडीतला कातकरी, भाड्याच्या खोलीतला मजूर यांच्या नावावर ‘ओरिजिनल प्लॉट’ नसतो, त्यामुळे ‘फायनल’ही नसतो. भूजमध्ये लहान भूखंडासाठी जसा वेगळा दर लावला, तसा इथं बिनजमिनीच्या माणसासाठी काही वाटा योजनेतच बांधून ठेवला नाही, तर चौकोनी भूखंडांच्या कडेला नवी झोपडपट्टी उभी राहील.

तरीही योजना नको असं म्हणण्यात पनवेलकरांचा तोटाच आहे, कारण विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं आणि शिवारात गुंठ्यांचे व्यवहार कुणासाठी थांबणारे नाहीत. पण मालकानं जमीन सोडायची ती भूखंड मिळेल या भरवशावर. खांबावर दिवा, जमिनीखाली गटार आणि दाराशी रस्ता असलेला भूखंड, नकाशावरचा नव्हे. मूळ जमीन योजनेत अडकलेली आणि अंतिम भूखंड अजून हाती नाही, अशा अवस्थेत माणूस ना शेती करू शकतो, ना कर्ज काढू शकतो, ना घर बांधू शकतो. तो सुनावणीला येतो तेव्हा टक्केवारीवर भांडत असला, तरी त्याला हवी असते ती एक तारीख : फायनल प्लॉटचा ताबा कोणत्या महिन्यात मिळणार. ती तारीख योजनेच्या जाहिरातीतच छापायची आणि चुकली तर भाडं द्यायचं, एवढं प्राधिकरणानं आधी लिहून द्यावं.